पुरण गोड, कट तिखट: मराठवाड्याच्या सणाचं ताट आणि त्याचे जगभरातले नातेवाईक

होळी आली की सोशल मीडियावर दरवर्षी एक वाद पेटतो. कुणीतरी पुरणपोळीचा फोटो टाकतं, खाली कुणीतरी लिहितं, "ही तर आमची होळिगे." तिसरा म्हणतो, "आमच्याकडे याला बोब्बट्लू म्हणतात, मूळ आमचंच." मग शे-दीडशे कमेंट्स. गंमत म्हणजे या भांडणात पोळीच्या शेजारच्या वाटीकडे कुणाचंच लक्ष जात नाही. ती वाटी कटाच्या आमटीची. पुरणपोळी कुणाची, या प्रश्नाचं खरं उत्तर याच वाटीत आहे.

हा लेख लिहिताना आम्ही समोर ठेवलं आहे आखाडा बाळापूर. अकोला जिल्ह्यातलं बाळापूर वेगळं. हे हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आजूबाजूला हळद, सोयाबीन, कापूस आणि रब्बीत हरभरा. नांदेड ओलांडून पुढं गेलं की तेलंगणा लागतं, खाली बिदरकडं वळलं की कर्नाटक. मराठवाड्याच्या या पट्ट्यातले गोड आणि तिखट पदार्थ कोणते, ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, जगात त्यांचे भाऊबंद कुठे आहेत आणि यातलं नेमकं काय हरवत चाललंय, ते पाहूया.

थोडक्यात

• पुरण आणि कट हे एकाच पातेल्यातून निघतात. डाळ गोडात जाते, तिचं पाणी तिखटात.
• हीच जोडी कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्रातही आहे आणि 'कट' हा शब्दही तिथं सापडतो.
• गोड आणि खारट एकत्र खाण्याची पद्धत जपानपासून मोरोक्कोपर्यंत दिसते.
• पुरणपोळी टिकेल, ती आता पाकिटातही मिळते. धोका आहे तो कटाच्या आमटीला आणि ज्वारीच्या पदार्थांना.

एका पातेल्यातून दोन पदार्थ कसे निघतात?

हरभऱ्याची डाळ धुऊन भरपूर पाण्यात शिजायला टाकतात. त्यात चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल. डाळ बोटानं दाबली की मोडली पाहिजे, पण तिचा पार गाळ व्हायला नको. मग ती चाळणीवर उपसतात. खाली जे दाटसर, पिवळं पाणी उरतं तोच कट. काही भागांत त्याला येळवणी म्हणतात.

वर राहिलेल्या डाळीत गूळ घालून ती पुन्हा शिजवायची. पुरणात उलथणं उभं राहिलं की ते झालं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची खूण. मग वेलची, जायफळ किंवा सुंठ घालून गरम असतानाच वाटायचं. पूर्वी पाट्यावर, आता पुरणयंत्रातून. गार झालेलं पुरण घट्ट होतं आणि वाटताना हात भरून येतात.

इकडे कटात थोडी शिजलेली डाळ किंवा चमचाभर पुरणच घोटून टाकतात. भाजलेलं खोबरं, काळा मसाला, चिंच आणि वरून चरचरीत फोडणी. नैवेद्याच्या आमटीत कांदा-लसूण नसतो. एरवी अनेक घरांत तो असतो. आमटी पातळच हवी. वाटीतून ओरपता आली पाहिजे.

यामागचं गणित साधं आहे. डाळ शिजताना तिच्यातलं स्टार्च, थोडी प्रथिनं आणि पाण्यात विरघळणारी ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. ते पाणी टाकून देणं शेतकरी घराला परवडणारं नव्हतं. आणि गूळ-तुपानं जिभेवर आलेला गोडाचा थर तिखट, आंबट आमटीनं धुऊन निघतो, म्हणून दुसरी पोळी खाता येते. काटकसर आणि चव दोन्ही एकाच वाटीत.

मग पुरणपोळी नेमकी कुणाची?

आता त्या वादाकडे येऊ. कर्नाटकात होळिगे किंवा ओब्बट्टू, आंध्रात बोब्बट्लू, तेलंगणात भक्ष्यालू किंवा पोलेलू, तमिळनाडूत पोळी, केरळात तिरुवनंतपुरमकडे पायसाबरोबर खाल्ली जाणारी बोळी. गुजरातेत वेडमी, पण ती बहुधा तुरीच्या डाळीची. नावं बदलतात, आत गोड सारण भरून लाटलेली किंवा थापलेली पोळी तीच.

गोड पदार्थ प्रवास करतो, यात नवल नाही. पाहुण्याला तोच देतात, देवापुढं तोच ठेवतात. उरलेल्या पाण्याची आमटी मात्र पाहुणचारात मिरवत नाही, ती शेजारपाजारानं आणि लेकी-सुनांबरोबरच सरकते. म्हणून ती सापडली की नातं जवळचं समजावं. उत्तर कर्नाटकात होळिगेबरोबर 'कट्टिन सारु' करतात, दक्षिणेकडे 'ओब्बट्टू सारु'. तेलुगू घरांत बोब्बट्लूच्या दिवशी 'कट्टु चारु' होतो. पद्धत तीच, डाळ उपसून उरलेल्या पाण्याची. मराठीतला 'कट' आणि हे 'कट्टु' यांचं साम्य कानालाच कळतं.

याला इतिहासही आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, साधारण ११२९ ते ११३१ च्या सुमारास. त्यातल्या अन्नभोग या भागात राजाच्या स्वयंपाकघरातले डाळींचे, पोळ्यांचे, वड्यांचे अनेक प्रकार आहेत. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात, मराठवाड्याच्या अगदी उंबऱ्यावर. पुढं मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आलं. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे जिल्हे १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत एकाच राज्यात होते. हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. राज्यांच्या रेषा अलीकडच्या आहेत. चुली त्याआधीपासून पेटत होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी कमेंटमध्ये उत्तर द्यायचं असेल तर एवढंच लिहा: पुरणपोळी दख्खनची आहे.

पुरणाची आणखी रूपं

• दिंडं: नागपंचमीला चिरायचं नाही आणि तवा ठेवायचा नाही, असा अनेक घरांत नेम असतो. मग कणकेच्या पारीत पुरण ठेवून तिची घडी घालतात आणि वाफवतात. खाताना वर साजूक तूप.
• कडबू: पुरणाची करंजी, तळलेली. कन्नडमध्येही 'कडुबू' आहे. तिथं तो तळलेला आणि वाफवलेला दोन्ही असतो.
• पुरणाचे दिवे: पुरणाचे छोटे दिवे करून, तुपाची वात लावून त्यांनी आरती करायची आणि मग ते प्रसाद म्हणून खायचे.
• पोळ्याचा घास: श्रावणातल्या अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा घास आधी बैलाला, मग घरच्यांना.

मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या नैवेद्याला पुरणपोळीबरोबर आंबिल आणि सोळा भाज्या लागतात. म्हणजे देवीच्या ताटातही एकटा गोड पदार्थ नसतो. आंबट आणि तिखट सोबत हवंच.

रोजच्या ताटातलं तिखट

सण वर्षातून मोजके. एरवीचं ताट ज्वारीचं.

धपाटे. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि कणीक, वाटलेली मिरची-लसूण, हळद, तीळ, कोथिंबीर. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून हे पीठ ताणलं जात नाही, लाटायला गेलं की चिरा पडतात. त्यामुळे ओल्या फडक्यावर थापायचं आणि फडक्यासकट उचलून तव्यावर उलटायचं. बेसन आणि कणीक घालतात ती पीठ धरून ठेवायला. थालीपिठाला भाजलेल्या धान्यांची भाजणी लागते, धपाट्याला साधं पीठ पुरतं, फरक हाच. सोबत दही, ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी. दोन दिवसांच्या प्रवासाला धपाटे बांधून न्यावेत.

सुशीला. मुरमुरे पाण्यात भिजवून पिळायचे, मग कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि हळदीची फोडणी. शेवटी डाळव्याची पूड. पोह्यांचीच बहीण, पण अंगानं हलकी. हाच पदार्थ उत्तर कर्नाटकात 'सुसला' आणि आंध्रातल्या कर्नूल-अनंतपूरकडे 'उग्गानी' म्हणून मिळतो; तिथं त्यासोबत मिरचीची भजी हवीच. डाळव्याची पूडसुद्धा तिन्हीकडे. कटानंतर नात्याचा हा दुसरा पुरावा.

वरणफळं. तुरीचं फोडणीचं वरण उकळत असताना त्यात कणकेचे चौकोनी तुकडे सोडायचे. भाजी नाही, वेळ नाही, अशा दिवशी एका भांड्यात जेवण. गुजरातची दाळढोकळी याच कुळातली. इटलीत पास्ता आणि हरभरे एकत्र शिजवतात, त्यामागचा विचारही हाच.

आंबिल. ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, ताक घालून केलेलं पेय. उन्हाळ्यात पोटाला थंड. कर्नाटक, तेलंगणात 'अंबली'.

हुरडा. थंडीत ज्वारीची कोवळी कणसं शेतातच आरावर भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे, चटणीसोबत खायचे. कधी सोबत गूळही. याला स्वयंपाकघर लागत नाही, शेत लागतं.

जगात कोण कोण असं खातं?

आपल्याला डाळ गोड असणं साहजिक वाटतं. युरोपातल्या अनेकांना मात्र गोड कडधान्याची कल्पनाच विचित्र वाटते. तिथं बीन्स म्हणजे सूप नाहीतर खारट भाजी. पूर्व आशियात मात्र पुरणाची सख्खी चुलत भावंडं भेटतात.

जपान आणि चीन: जपानमध्ये अझुकी या लाल कडधान्यात साखर घालून 'आन' नावाचं सारण करतात. ते मोचीत, पावात, वाफवलेल्या मांजूत भरतात. चीनमध्ये हेच लाल सारण वाफवलेल्या पावात आणि शरद ऋतूतल्या सणाच्या मूनकेकमध्ये जातं. वाफवलेला तो पाव आणि आपलं दिंड शेजारी ठेवलं तर नातं सांगावं लागणार नाही. पण एक फरक आहे. जपानी पद्धतीत अझुकी पहिल्यांदा उकळलं की ते पाणी बहुतेक वेळा फेकून देतात, कारण त्यात तुरटपणा उतरतो. या पायरीला 'शिबुकिरी' म्हणतात. हरभरा डाळीच्या पाण्यात तसा तुरटपणा नसतो. म्हणून आपल्याकडं आमटी झाली.

जपानचा कागावा प्रांत: इथं नववर्षाला पांढऱ्या मिसोच्या खारट सुपात गोड सारण भरलेली मोची घालून खातात. बाकीच्या जपानलाही हे चमत्कारिक वाटतं. पुरणपोळी आमटीत बुडवून खाणाऱ्याला वाटणार नाही.

फिलिपिन्स: चाम्पोराडो म्हणजे चॉकलेट घातलेली तांदळाची गोड खीर. तिच्यासोबत खातात सुकवलेला खारट मासा, तुयो.

मोरोक्को: बस्तिया नावाच्या पदार्थात पातळ पारीच्या आत कबुतराचं किंवा कोंबडीचं मांस, बदाम आणि वर चक्क पिठीसाखर-दालचिनी.

मध्ययुगातल्या युरोपातही मांसात साखर आणि मसाले पडत. सतराव्या शतकात फ्रान्सच्या खानदानी स्वयंपाकात गोड हळूहळू वेगळं काढलं गेलं आणि जेवणाच्या शेवटी गेलं. 'डेझर्ट' शेवटी खायचं ही आज जगभर पसरलेली सवय तिथून आलेली. आपल्या ताटात मात्र गोड पहिल्यापासून वाढलेलं असतं आणि जेवणाच्या मध्येच खाल्लं जातं.

आणि एक ताजी गोष्ट. २०१४ मध्ये जोएल रोएसेल या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं, की शिजवलेल्या कडधान्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला 'अक्वाफाबा' हे नाव दिलं. आज व्हीगन केकमध्ये काबुली हरभऱ्याचं हे पाणी वापरतात आणि त्याच्या रील्स लाखो लोक बघतात. हरभऱ्याचं पाणी फेकू नये, हे बाळापूरकडच्या आजीला कुणी सांगायची गरज नव्हती.

ताटातलं काय मुळात कुठलं?

'पारंपरिक' म्हणजे सगळं इथलंच, असं नसतं.

• हरभरा: आजच्या आग्नेय तुर्कस्तानाचा परिसर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी
• गहू: पश्चिम आशिया
• ज्वारी: ईशान्य आफ्रिका, सुदानमध्ये आजही ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ 'किस्रा' भाकरी खातात, आणि बोत्स्वानात आंबवलेल्या ज्वारीची 'टिंग' ही पेज
• ऊस: न्यू गिनी
• मिरची: मेक्सिको, पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात भारतात
• शेंगदाणा: दक्षिण अमेरिका
• हळद आणि तीळ: भारतीय उपखंड
• सोयाबीन: चीन

म्हणजे सोळाव्या शतकाआधीच्या ठेच्यात मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्या-सुंठीचा होता. परंपरा नवं धान्य, नवा मसाला घेतच पुढं आली. मात्र यादीतलं शेवटचं नाव वेगळं आहे. सोयाबीन शेतात आलं, पण ताटात आलं नाही.

मग नेमकं काय हरवतंय?

पहिलं, ज्वारी. १९७० च्या सुमारास देशात साधारण १ कोटी ७० लाख हेक्टरवर ज्वारी होती. आता ती ४० लाख हेक्टरच्या आसपास आहे. मराठवाड्यात खरिपाची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीननं घेतली. कारणं शेतकऱ्याला विचारा, तो सरळ सांगेल: ज्वारीला भाव नाही, काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला कुणी नाही. शिवाय ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. बैल कमी झाले, तसा कडब्याचा आधारही सुटला. ज्वारी दाण्यासाठी जेवढी पेरली जायची, तेवढीच कडब्यासाठीही.

सोयाबीन पैसा देतं, हे खरं आहे आणि त्यात शेतकऱ्याची चूक नाही. पण ते थेट बाजारात जातं. तिथून तेल गिरणीला आणि पेंड पशुखाद्याला. घरात भाकरीला लागणारी ज्वारी मग विकत आणावी लागते. हुरडा तर विकतही आणता येत नाही, कारण त्याला शेतात उभी ज्वारी हवी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. शहरांत ज्वारीच्या बिस्किटांची पाकिटं दिसू लागली. धपाटे मात्र पाकिटातून येत नाहीत.

दुसरं, कट. हरभरा या भागात रब्बीत आजही भरपूर पिकतो, त्यामुळे पुरणाला तूर्त भीती नाही. पुरणपोळी दुकानात मिळते, तयार पुरणही मिळतं. पण तयार पुरण आणलं की त्यासोबत कट येत नाही. तो डाळ शिजवणाऱ्याच्याच घरी उरतो. कुकरमध्ये मोजक्या पाण्यात डाळ शिजवली, तरी आमटीपुरता कट निघत नाही. म्हणजे आमटी कुणी ठरवून सोडत नाही. काम सोपं होतं आणि ती आपोआप सुटते.

पुरण वाटणं आणि तव्यापुढं उभं राहून तीस-चाळीस पोळ्या करणं ही बाईच्या कंबरेची परीक्षा असते. त्यामुळे "विकत आणू नका" असा उपदेश करण्यात अर्थ नाही. वाटायला आणि लाटायला घरातले सगळे हात लागले, तर मात्र विकत आणायची वेळ कमी येते.

घरी करून बघायचं असेल तर

• अर्धा किलो हरभरा डाळ धुऊन तासभर भिजवा.
• ती अडीच लिटर पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवा. कुकर वापरायचा असेल तर तो मोठा घ्या, निम्म्याहून जास्त भरू नका आणि नेहमीपेक्षा जास्त पाणी घाला.
• उपसल्यावर साधारण लिटरभर कट मिळेल. चार-सहा जणांना पुरतो.
• डाळीत ४०० ते ५०० ग्रॅम गूळ, आवडीप्रमाणे. पुरण घट्ट होईपर्यंत हलवत राहा, नाहीतर खाली लागतं.
• कटात दोन चमचे पुरण घोटा. भाजलेलं खोबरं, जिरे आणि काळा मसाला वाटून घाला. चिंचेचा कोळ, मीठ, आणि मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी.
• आमटी दहा मिनिटं उकळू द्या. दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तयार पुरण आणलं, तर आमटी करता येईल का?
हो. मूठ-दोन मुठी डाळ वेगळी, भरपूर पाण्यात शिजवा आणि डाळीसकट घोटून घ्या. चव जवळपास तीच येते.

कट आणि मिसळीचा कट एकच का?
नाही. मिसळीचा कट म्हणजे मसाल्याचा तिखट रस्सा. त्याचा पुरणाच्या डाळीशी संबंध नाही.

पुरणपोळी दुधाबरोबर खावी की आमटीबरोबर?
तूप-दूध, गुळवणी, आमटी, तिन्ही पद्धती जुन्या आहेत. पहिली पोळी दुधात आणि दुसरी आमटीत, असं करणारेही कमी नाहीत.

पुढच्या सणाला पुरणपोळीचा फोटो टाकाल, तेव्हा आमटीची वाटीही चौकटीत येऊ द्या. आणि तुमच्या घरी त्या वाटीला काय म्हणतात, कट, येळवणी, सार की आणखी काही, हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. पोळीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. वाटीचं नाव मात्र ज्या घरात ती आमटी होते, तिथंच टिकतं.